खळ्यावरच्या पेंढीपासून सोसायटीच्या एएमसीपर्यंत

आपल्या सोसायटीच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट बहुतेक सभासदांनी फक्त बाहेरून पाहिलेलं असेल. त्याच्या खालच्या दोन कप्प्यांत पंचवीस वर्षांचे करार आहेत. लिफ्टचा, पंपाचा, टाकीसफाईचा, झाडूकामाचा, सुरक्षारक्षकांचा, पेस्ट कंट्रोलचा, इंटरकॉमचा, आणि अलीकडे सीसीटीव्हीचा. कन्व्हेयन्स कसं मिळालं, पहिला गणपती कसा बसला, पाण्याचा दुसरा कनेक्शन घेताना काय धावपळ झाली, यावर या स्मरणिकेत इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते या फायलींविषयी, किंवा खरं सांगायचं तर त्यांच्या पूर्वजांविषयी. कारण ‘कायम चालू राहणाऱ्या कामाच्या अटी कशा ठरवायच्या’ हा प्रश्न आपल्या मॅनेजिंग कमिटीने शोधून काढलेला नाही. महाराष्ट्राच्या गावांनी तो काही शतकं वागवला आहे.

विळी विकत घेतली, पैसे दिले, व्यवहार संपला. पण तीच विळी दर वर्षी धार लावून हवी असेल तर गोष्ट वेगळी होते. मग धार किती वेळा, दांडा मोडला तर तो त्याच पैशात का, पैसे आधी का नंतर, आणि धार नीट लागत नसेल तर दुसऱ्याकडे जाता येईल का, हे सगळं बोलावं लागतं. चालू कामाच्या कराराचा सगळा जीव या चार गोष्टींत असतो. दर किती, यावर आपल्या सभांमध्ये तासन् तास चर्चा होते. बाकीचं मात्र ‘नेहमीप्रमाणे’ या एका शब्दात उरकतं.

‘नेहमीप्रमाणे’ या शब्दावर चाललेली आपल्याकडची सर्वांत मोठी व्यवस्था म्हणजे बलुतेदारी. शाळेत आपण बारा बलुतेदार पाठ केले. प्रत्यक्षात बारा हा आकडा सगळीकडे नेमका बसत नसे. कुठे एखादा कमी, कुठे एखाद्याच्या जागी दुसरा. त्र्यंबक नारायण आत्रे हे महसूल खात्यात काम केलेले गृहस्थ. त्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला आणि या व्यवस्थेचा आतून-बाहेरून हिशेब मांडला. बलुतेदारीचं कौतुक करायला म्हणून ते पुस्तक उघडणाऱ्याची निराशा होईल. आत्रे तिच्यावर बरेच रागावलेले आहेत, आणि का ते पुढे येईलच.

सुताराचं उदाहरण घेऊ. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती, जू नीट करणं, रुमणं बसवणं, ही वर्षभराची कामं बलुत्यात येत. लाकूड मात्र शेतकऱ्याचं. लोहाराकडे फाळ शेवटायला न्यायचा तर लोखंड आणि कोळसा आपला, आणि बहुतेक वेळा भाता ओढायला माणूसही आपलाच. म्हणजे बलुत्यात मोडत होती ती मजुरी आणि कसब, सामान वेगळं. नवी बैलगाडी करायची किंवा घर बांधायचं असेल तर त्याचा मोबदला निराळा ठरे, ते बलुत्यात नाही. चांभार मोट शिवून देई. न्हावी वर्षभर हजामत करी, पण लग्नकार्यात त्याचा मानपान वेगळा असे.

आता लिफ्टचा करार काढून बघा. लिफ्टवाल्यांच्या भाषेत दोन प्रकार असतात: कॉम्प्रिहेन्सिव्ह आणि नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह. पहिल्यात सुटे भाग धरलेले, दुसऱ्यात फक्त तपासणी, तेल-ग्रीस आणि मजुरी. म्हणजे दुसरा प्रकार हा गावच्या सुताराचाच की! काही वर्षांपूर्वी आपला एका लिफ्ट कंपनीशी जो वाद झाला तो इथलाच. पहिल्या पानावर ‘सर्व दुरुस्तीसह’ आणि शेवटच्या जोडपत्रात वायररोप वगळलेला. तीन महिने पत्रापत्री झाली, बी विंगच्या वरच्या मजल्यावरच्या ज्येष्ठांनी जिने चढले. गावात हा घोळ होत नसे, कारण लाकूड कोणाचं आणि रंधा कोणाचा हे पोराटोरांनाही माहीत होतं. लिहिलेलं काही नव्हतं, पण ठरलेलं होतं.

या व्यवहारातला ग्राहक कोण, हा प्रश्न आणखी मजेदार आहे. हिरोशी फुकाझावा नावाच्या जपानी इतिहासकाराने अठराव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या कागदपत्रांवरून असं मांडलं की इथले बलुतेदार एकेका घराचे नव्हते, सगळ्या गावाचे होते. गावाने त्यांना ठेवलं, गावाच्या पिकातून त्यांचा वाटा निघाला. उत्तरेत चित्र निराळं. विल्यम वाइझर या अमेरिकन मिशनऱ्याने उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यावरून १९३६ साली ‘जजमानी’ पद्धतीवर पुस्तक लिहिलं. तिथे एकेक घराणं आणि त्याचं ठरलेलं सेवेकरी घराणं, असं नातं होतं. हे अभ्यासकांचं भांडण म्हणून सोडून देऊ नका. आपल्या सोसायटीत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. वॉचमन आणि झाडूवाले सोसायटीचे, म्हणजे गावाचे. धुण्याभांड्याच्या बाई, दूधवाला, गाडी पुसणारा पोरगा हे ज्याच्या त्याच्या घराचे. आणि वॉचमनला आपलं घरचं काम सांगताना आपण नेमकी हीच रेघ ओलांडतो.

मोबदला सुगीला मिळे. खळ्यावर बलुतेदार येत आणि पेंढ्या व धान्य घेऊन जात. बलुतेदारांच्या तीन ओळी किंवा कास मानत: थोरली, मधली, धाकटी. ज्याच्यावाचून शेत अडतं तो थोरल्या ओळीत, म्हणून सुतार-लोहार साधारणपणे तिथे. ओळीप्रमाणे वाटा कमी-जास्त. काम बारा महिने आणि पैसा वर्षातून एकदा, ही आजच्या कुठल्याही ठेकेदाराला मान्य होणार नाही अशी अट. पण तिच्यात एक हुशारी होती. मोबदला धान्यात असल्यामुळे महागाई कितीही वाढो, सुताराच्या घरातली भाकरी तेवढीच राहत असे. आपण करारात ‘दर वर्षी दहा टक्के वाढ’ लिहितो आणि त्यावर दरवर्षी भांडतो; पेंढीला ते कलम लागत नव्हतं. अर्थात पीक बुडालं तर बलुतंही बुडालं. कुणब्याचं दुष्काळी वर्ष ते त्याचंही दुष्काळी वर्ष.

इथपर्यंत ऐकलं की बलुतेदारीबद्दल जरा हळवं व्हायला होतं. तसं होऊ नये. या करारात काम होतं, मोबदला होता, वेगळ्या कामाचे वेगळे पैसेही होते. नव्हतं ते बाहेर पडायचं दार.

बलुतं म्हणजे वतन. बापाकडून मुलाकडे जाणारं, भावाभावांत वाटलं जाणारं, प्रसंगी विकलंही जाणारं. सुतार आळशी निघाला तरी गावचा सुतार तोच आणि त्याचाच मुलगा. आत्रे यांचा राग इथे आहे. काम वेळेवर होवो न होवो, चांगलं होवो न होवो, हक्क ठरलेला. मग कसब वाढवायचं कशाला? शेतकऱ्याने हेलपाटे घालायचे आणि सुगीला पेंढी मोजून द्यायची.

ग्राहकाला अडकवणाऱ्या या दाराची सर्वांत गाजलेली लढाई सुतार-लोहारांवरून झाली नाही, ती झाली ग्रामजोश्यांवरून. गावचं भटपणही वतनच होतं. यजमानाने दुसऱ्याच भटजीला बोलावलं तरी गावचा जोशी आपली दक्षिणा मागू शके, आणि इंग्रजी अमदानीतल्या कोर्टांनीही हा हक्क मिळकतीसारखा मानला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्नं लागू लागली, तेव्हा प्रश्न टोकाला गेला: जे काम करून घेतलंच नाही त्याचे पैसे द्यायचे का? जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला हे प्रकरण कोर्टात गेलं. अखेर १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि बोलावलं नसताना धार्मिक विधीची दक्षिणा मागण्याचा वंशपरंपरागत हक्क मोडीत निघाला. आज आपण सत्यनारायणाला कुठल्याही गुरुजींना फोन करतो, यूट्यूबवर लावून पूजा करणारेही आपल्या सी विंगमध्ये आहेत. त्यामागे पन्नासएक वर्षांचं भांडण आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसतं.

ग्राहकासाठी दार उघडलं. काम करणाऱ्यासाठी ते उघडायला आणखी बराच काळ गेला, आणि ते दार कितीतरी जड होतं.

महार वतनाची गोष्ट सांगताना जरा सावकाश जावं लागेल. गावची शीव राखणं, चावडीवर लोकांना बोलावून आणणं, सारा तालुक्याला पोचवणं, सरकारी अंमलदार आला की त्याच्या दिमतीला राहणं, वाटाड्या होणं, मेलेलं जनावर ओढणं, कुणी वारलं तर परगावी नातेवाइकांना सांगावा घेऊन जाणं. ही यादी इथे संपत नाही, आणि यादी संपत नाही हीच तर या वतनाची खरी अट होती. परंपरा महारांचे बावन्न हक्क सांगते. कर्तव्यं किती, ते कुणी मोजून ठेवलं नाही. बदल्यात थोडी इनाम जमीन, सरकारकडून नाममात्र पैसे, आणि बलुतं. तेही शेतकऱ्याच्या मर्जीवर, कारण पेंढी देणारा हात त्याचा आणि काम सांगणारा हात सरकारचा. नोकर एकाचा, पगार दुसऱ्याकडून, आणि हुकूम सगळ्यांचा. इंग्रज सरकारने १८७४ साली वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा करून या सगळ्यावर शिक्काच मारला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलात आल्यावर त्यांनी या कायद्याला हात घातला. १९२८ साली त्यांनी १८७४च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. ते विधेयक आणि त्यावरचं त्यांचं भाषण आजच्या कुठल्याही सेक्रेटरीने वाचावं असं आहे, कारण त्यात त्यांनी एक सदोष करार उघडा करून त्याचा एकेक सांधा दाखवला आहे. काम रात्री-अपरात्री केव्हाही, सगळ्या खात्यांचं. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने करायचं. म्हणजे एका माणसाच्या नोकरीत सगळं कुटुंब बांधलेलं. त्यांनी सुचवलेल्या गोष्टी काय होत्या? कामं कोणती ते ठरवून द्या. बलुतं शेतकऱ्याच्या हातून मागत फिरण्याऐवजी रोख रकमेत बदला आणि साऱ्याबरोबर वसूल करून द्या. आणि ज्याला हे काम नको असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून वतनातून मोकळं होऊ द्या. म्हणजे कामाची व्याप्ती, पैसे देण्याची रीत, आणि सुटण्याचं कलम. विधेयकाला विरोध झाला आणि ते त्यांना पुढे मागे घ्यावं लागलं. हलकी समजली गेलेली ही गावकामगार वतनं कायद्याने संपली ती थेट १९५८ साली, म्हणजे आपल्यापैकी काही ज्येष्ठ सभासद तेव्हा शाळेत होते. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यांनी आपल्या आयुष्याच्या कहाणीला हेच नाव का दिलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे ज्या काळात गावातला हा करार वतनाच्या कायद्याने घट्ट बांधला जात होता, त्याच काळात शहरांसाठी १८७२ सालचा करार कायदा आला. तोच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. आपल्या फायलीतला प्रत्येक कागद त्याच्यावरच उभा आहे. त्यातली दोन कलमं कमिटीवर येणाऱ्याने माहीत करून घ्यावीत. कलम २९ म्हणतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. कायद्यातच उदाहरण दिलं आहे: शंभर टन तेल विकायचं ठरलं, पण कुठलं तेल ते कशावरूनही कळत नाही. गोडेतेल की घासलेट, काय देणार? दुसरं कलम ७४. आपण करारात मोठ्या ऐटीत लिहितो, ‘काम न झाल्यास इतका दंड’. दंडाचा आकडा लिहिला म्हणजे तो आपोआप हातात पडतो असं नाही. कोर्ट वाजवी भरपाई देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. त्यामुळे प्रचंड दंड लिहून ठेकेदाराला घाबरवण्यात फारसा अर्थ नसतो. त्यापेक्षा कोणती तक्रार किती तासांत सोडवायची हे लिहिलेलं बरं.

शहरात वतन नव्हतं, पण सगळं आलबेल होतं असंही नाही. मुंबईचा डबेवाला १८९० पासून अंतराप्रमाणे महिन्याचे पैसे ठरवून डबा पोचवतो आहे. पटलं नाही तर महिनाअखेरीस दोघेही मोकळे, इतका सुटसुटीत करार दुसरा क्वचितच असेल. गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची स्थिती निराळी. मालक म्हणे माणसं टोळीवाल्याची, टोळीवाला म्हणे काम मालकाचं, आणि दोघांच्या मध्ये हमालाची मजुरी विरून जाई. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. त्याने मध्ये एक मंडळ बसवलं: कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. १९७० साली केंद्राचा कंत्राटी कामगार कायदा आला. त्याच्या कक्षेत येणाऱ्या ठिकाणी ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व त्याने घातलं.

आणि मग आपल्या गेटपर्यंत येणारा कायदा: महाराष्ट्र खाजगी सुरक्षारक्षक कायदा, १९८१. माथाडीच्याच धर्तीवर सुरक्षारक्षकांसाठी मंडळं झाली. एजन्सीकडून रक्षक घेतले तर त्या एजन्सीला मंडळाच्या योजनेतून सूट मिळालेली असावी लागते, आणि सूट मिळायची तर तिच्या रक्षकांच्या सोयीसवलती मंडळाच्या रक्षकांपेक्षा कमी असता कामा नयेत. म्हणून कोटेशन मागवताना ‘सर्वांत स्वस्त कोण’ हा प्रश्न विचारण्याआधी सुटीचं पत्र मागायचं असतं. किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. करारात त्याला वाट ठेवली नाही तर वाढलेला पैसा एजन्सी रक्षकाच्या खिशातून काढते. आपला दर वर्षभर स्थिर राहिला म्हणून कमिटीची पाठ थोपटली जाते, पण तो स्थिर कोणाच्या जिवावर राहिला हे पगाराची स्लिप मागितल्याशिवाय कळत नाही. घरकामाच्या बायकांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला खरा, पण खाडे किती धरायचे, दिवाळीला काय द्यायचं, पाहुणे आले तर वाढीव भांड्यांचं काय, हे अजूनही ओट्यापाशी उभ्या उभ्याच ठरतं. तिथे आपली जजमानी चालूच आहे.

हे सगळं आठवण्याचं कारण सांगतो. कपाटातले सुरक्षेचे सगळे करार मी या लेखासाठी ओळीने वाचले. एजन्सी बदलल्या, दर बदलले, टायपिंगचं कॉम्प्युटर झालं. एक वाक्य मात्र पहिल्या करारापासून आजपर्यंत जसंच्या तसं उतरत आलं आहे. रक्षकाच्या कामांची यादी संपते आणि शेवटी येतं: ‘तसेच वेळोवेळी सांगितली जाणारी इतर कामे’. या पाच-सहा शब्दांत पंप चालू-बंद करणं आलं, पार्सल वर नेऊन देणं आलं, गाडी धुणं, कुत्रा फिरवणं, किराणा आणणं, गच्चीवरच्या लग्नाच्या खुर्च्या लावणं आलं. बारा तासांची पाळी, तीन विंग, आणि सांगणारी घरं शंभरावर. रक्षक नाही म्हणू शकत नाही, कारण कागदावर तो कशालाच नाही म्हणू शकत नाही. तो जागेवर नव्हता म्हणून चोरी झाली तर जबाबदारीही त्याचीच.

या वर्षी करार नव्याने होतो आहे आणि मसुद्यातून ते वाक्य काढलं आहे. त्याऐवजी कामं एकेक करून लिहिली आहेत. एका मीटिंगमध्ये यावर आक्षेप आला, आणि तो रास्त होता: रिक्षातून उतरलेल्या एकट्या आजींची पिशवी मग कोणी उचलायची? आता ज्येष्ठांचं सामान गेटपासून लिफ्टपर्यंत नेणं हे काम यादीत सातव्या क्रमांकावर आहे, आणि तेवढा वेळ गेटवर दुसरा रक्षक हवा, असं त्याच ओळीत आहे. गाडी धुण्याचं काम यादीत नाही. ज्याला करून घ्यायचं असेल त्याने पाळी संपल्यावर, वेगळे पैसे ठरवून, ज्याची इच्छा असेल त्याच्याकडून करून घ्यावं. करार सोडायचा तर सोसायटीनेही तीस दिवस आधी कळवायचं आणि एजन्सीनेही. तेवढ्या दिवसांत रक्षकांचा थकलेला पगार चुकता झाल्याचा कागद आल्याशिवाय अनामत रक्कम परत जाणार नाही. मसुदा साडेचार पानी आहे, मराठीत आहे, आणि येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. रक्षकांच्या केबिनमध्येही त्याची एक प्रत लावली आहे. रात्रपाळीच्या दोघांनी ती वाचून पंपाच्या वेळांमध्ये एक दुरुस्ती सुचवली, ती घेतली आहे.